वाकडी वाट

चोरोवोडाच्या पुलावरून निघा,
सकाळी, पावाची भट्टी उघडल्यावर.
टायर रुंद हवेत, हवा जरा कमीच.
ही खडी कड्यावरून तुटलेली,
गोल व्हायला नदीपर्यंत पोचलेलीच नाही अजून.

आणि मानेचं ध्यानात ठेवा.
आमच्याकडे मान आडवी हलली की हो,
वर-खाली हलली की नाही.
एक जर्मन पोरगा रिझाच्या ओसरीवर
पुरे, पुरे, म्हणून मान हलवत राहिला
आणि रिझा ओतत राहिला तुतीची राकी.
दुसऱ्या दिवशी त्यानं सायकल ढकलतच नेली.

नवव्या किलोमीटरला डांबर संपतं.
तिथला बंकर कुणाच्या भीतीनं बांधला
ते आता त्यातल्या शेळ्यांना विचारा.

पुढे डाव्या हाताला नदी ऐकू येईल, दिसणार नाही.
कडेला जाऊन वाकू नका.
वाकालच, मला ठाऊक आहे.
निदान सायकल आडवी टाका, पोटावर झोपून बघा:
खोल तळाशी ओसुम,
चार माणसं खांद्याला खांदा लावून मावतील एवढी,
आणि तिच्यात आभाळाची तेवढीच चिंधी.

धनगराची कुत्री आली तर पळू नका.
उतरा, सायकल मध्ये धरा, बोलत राहा.
कुठल्याही भाषेत. आवाज घाबरलेला नसला म्हणजे झालं.

चोविसाव्याला चढाचं वळण.
माझा बाप रकिप इथून मीठ न्यायचा, रॉकेल, टपाल,
आणि बालो नावाचं खेचर इथेच थांबायचं.
लोक म्हणत, अडेल आहे.
गेल्या उन्हाळ्यात मी दगडावर बसून मोजलं:
सत्तावीस सायकलवाल्यांपैकी एकवीस जण
बालोच्या जागेवरच उतरले.

एकतिसाव्याला फाटा.
सरळ गेलात तर झुलता पूल सहा किलोमीटर.
माझी रेषा मात्र उजवीकडे वर चढते, अकरा किलोमीटर,
आणि फिरून त्याच पुलाशी येते.
एका फ्रेंच बाईनं कळवलं, नकाशा चुकलाय तुमचा.
मी लिहिलं, वर पाणी आहे.

खोटं नाही. नळ आहे.
चाळीस धुराड्यांच्या गावात एका धुराड्यातून धूर निघतो,
त्या घराला लागून.
तिथे झिहरा आत्या.
तिची पोरं ग्रीसमध्ये, शेजारी कबरस्तानात,
ऐकू फक्त डाव्या कानानं, तेही वारा नसला तर.
तरी खडीवर चाक वाजलं की तिला तळव्यांतून कळतं म्हणे.
ती बाहेर येते. खुर्ची पुसते.
घट्ट कपड्यांतल्या तुम्हा लोकांकडे बघून
कापड महाग झालं असेल म्हणून हळहळते.

तुम्ही गेलात की बादलीत एक अक्रोड टाकते.
माणशी एक.
नोव्हेंबरात वाट बंद व्हायच्या आत मी वर जाते,
आम्ही बादली उपडी करतो, मोजतो
(यंदा त्रेसष्ट, परवाच्या साली नुसते अकरा),
मग फोडून खातो.
कुणी कडू निघाला की आत्या म्हणते,
हा तो, बूट न काढता आत आलेला.

बापाला विचारायचे लोक,
रकिप, एवढी वाट वाकडी करून कशाला जातोस?
दोन पत्रं तर असतात.
तो पट्टा आवळायचा बालोचा. उत्तर नाही द्यायचा.
मीही त्या बाईला आणखी काही लिहिलं नाही.
रेषा आहे तशीच आहे.

तर नळावर बाटली भरा.
ती चीज देईल, खा. दुसऱ्यांदा देईल, तेही खा.
फोटो काढायचा तर आधी तिला रुमाल नीट बांधू द्या.
मग ऊन कलायला लागेल, तुम्ही हेल्मेट उचलाल,
हातानं पुलाकडे दाखवून विचाराल, जाऊ का?

ती मान वर-खाली हलवील.

बसा आणखी थोडं.
उतार कुठे पळून जात नाही.